शरदातल्या वाटा : धार, देवास आणि विंध्याचे घाट

माळव्याचा इतिहास वाचताना आपले लक्ष सनावळीकडे जाते, महिन्यांकडे सहसा जात नाही. वास्तविक महिन्यांकडे पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. शाहजादा खुर्रम दक्षिणेची मोहीम आटोपून मांडवगडावर आला आणि जहांगीर बादशहाकडून त्याला ‘शाहजहान’ हा किताब मिळाला, तो महिना ऑक्टोबर १६१७. चिमाजी अप्पांनी अमझेऱ्यास माळव्याच्या मोगल सुभेदाराचा पराभव केला, तो दिवस २९ नोव्हेंबर १७२८. इंग्रजी फौजेने धारच्या किल्ल्यास वेढा घातला, तो ऑक्टोबर १८५७ मध्ये. एक मोगल, एक मराठी, एक इंग्रज. तिन्ही घटनांत शतकाहून अधिक काळाचे अंतर, पण ऋतू जवळजवळ एकच. हा योगायोग नव्हे, अशी आमची समजूत आहे. विंध्याच्या या टापूत इतिहास घडायचा तो वाटा उघडल्यावर, आणि वाटा उघडत त्या शरदात. आज हौशी मंडळी आश्विन-कार्तिकात ज्या डोंगरवाटा तुडवायला निघतात, त्यांचा आणि या इतिहासाचा संबंध काय, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूगोल पाहू. धार आणि देवास ही दोन्ही शहरे माळव्याच्या पठारावर वसलेली आहेत. परंतु त्यांचे जिल्हे दक्षिणेकडे विंध्याचा कडा उतरून थेट नर्मदेपर्यंत पोचतात. धार जिल्हा धरमपुरी-कुक्षीच्या बाजूने नर्मदेला भिडतो, देवास जिल्हा नेमावरला. दोघांचेही मस्तक पठारावर आणि पाय नर्मदेत. मधला जो उतार आहे, तेथेच घाट, खिंडी आणि पायवाटा आहेत. उत्तरेकडून येणाऱ्याला विंध्य डोंगर म्हणून जाणवतच नाही. सपाट काळ्या शेतांतून चालता चालता जमीन एकाएकी संपते आणि समोर निमाडचे खोल मैदान पसरलेले दिसते. मांडवगडाच्या दक्षिण टोकाला रूपमतीचा महाल आहे, तेथून हे दृश्य उत्तम दिसते. पायथ्याची भूमी तेथून सुमारे बाराशे फूट खाली आहे. दगड बहुतेक ठिकाणी आपल्या सह्याद्रीचाच, म्हणजे लाव्हारसाचा काळा बसाल्ट. देवास जिल्ह्यात बागली तालुक्याकडे कावडिया नावाच्या टेकड्या आहेत. तेथे या दगडाचे पैलूदार खांब मोळी रचावी तसे रचलेले आढळतात, आणि काही खांबांवर आघात केला तर धातूसारखा नाद येतो. दक्षिणेतून वर आलेल्या मराठी शिपायाला येथील भाषा परकी वाटली असेल. पायाखालचा दगड मात्र ओळखीचा होता.

आता ऋतूचा विचार करू. माळव्याची काळी माती पावसाळ्यात चालणाऱ्याचा पाय सोडत नाही. माणसाची ही गत, तर तोफेच्या गाड्याची आणि बाजारबुणग्यांच्या बैलांची काय होत असेल! खाली नर्मदेला पूर. अकबरपूरचा उतार किंवा हंडिया-नेमावरचा उतार पाणी ओसरल्याखेरीज फौजेला उपयोगी पडत नसे. आश्विनात पाऊस थांबतो, माती आवळते, नदी उतारावर येते, डोंगरात गवत उभे असते आणि शेतात ज्वारी पिकत आलेली असते. म्हणजे वाट, पाणी, वैरण आणि दाणा या चारही गोष्टी एकाच वेळी अनुकूल होतात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला आपण धार्मिक विधी म्हणून ओळखतो. पण त्या विधीमागे घोडदळाचे असे रोकडे गणित उभे आहे. शिलंगणाचे सोने वाटून निघालेला स्वार कार्तिक-मार्गशीर्षात नर्मदेपाशी पोचला, तर त्याला हव्या त्या स्थितीत नदी मिळे. उशीर झाला तर उन्हाळा आणि वैरणीची टंचाई. परतायला विलंब झाला तर पुन्हा पाऊस.

मांडवगड हा या वाटांचा पहारेकरी. होशंगशाह घोरीने पंधराव्या शतकाच्या आरंभी माळव्याची राजधानी धारहून येथे आणली, त्याचे कारण गडाच्या रचनेतच दिसते. काकडा खोह नावाच्या खोल दरीने हा डोंगर पठारापासून जवळजवळ तोडलेला आहे. धारहून नालछ्यावरून येणारा रस्ता ती दरी ओलांडतो आणि एकामागून एक दरवाजांतून वर चढतो. दक्षिणेला निमाडात उतरणारी तारापूर दरवाजाची वाट. पश्चिमेला सोनगड हा बालेकिल्ला. हुमायूनने १५३५ मध्ये गड घेतला तेव्हा गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच सोनगडावरून घोडी दोरांनी खाली सोडून निसटला, अशी हकीकत आहे. सोनगडाच्या कड्याशी उभे राहून खाली पाहिल्याखेरीज या हकिकतीतले धाडस आणि अगतिकता दोन्ही कळत नाहीत. निळकंठाच्या स्थानी आजही पायऱ्या उतरून शिवलिंगाचे दर्शन घ्यावे लागते. तेथील फारसी शिलालेखांत अकबराच्या दक्षिण स्वारीचा उल्लेख आहे. पुढे जहांगीर १६१७ च्या मार्चपासून येथे राहिला. मांडूच्या पावसाळ्यातील गवताची आणि फुलांची त्याने आपल्या आत्मचरित्रात केलेली स्तुती प्रसिद्ध आहे. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो त्या वेळी दरबाराबरोबर होता. परंतु पावसाळा संपताच, ऑक्टोबरात, बादशहाने तळ हलवला आणि तो गुजरातच्या मार्गाला लागला. गडाचे सौंदर्य वर्षा ऋतूचे, गडावरचे राजकारण मात्र शरदाचे.

मराठी फौजा या घाटांनी वर आल्या त्या अठराव्या शतकाच्या आगेमागे. कृष्णाजी सावंतांनी १६९९ मध्ये नर्मदा ओलांडली, ही त्याची पहिली ठळक नोंद. त्यानंतर अधूनमधून स्वाऱ्या होत राहिल्या; पण निर्णायक ठरली ती १७२८ ची. बाजीराव वऱ्हाडाच्या वाटेने पूर्वेकडे निघाले, आणि धाकटे बंधू चिमाजी अप्पा, वय अवघे विशीतले, बागलाण-खानदेशातून नर्मदेकडे आले. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आणि उदाजी पवार यांच्यासारखे वाटांचे जाणकार बरोबर होते. नर्मदा ओलांडून, मांडवगडाजवळचा घाट चढून, काही थोड्या दिवसांत ही फौज अमझेऱ्यासमोर उभी राहिली. सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर हे दोघेही त्या लढाईत पडले.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. जुन्या इतिहासग्रंथांत दया बहादूराचा मृत्यू तीन वर्षांनंतर, १७३१ मध्ये, धारजवळच्या तिरला येथे झाल्याचे लिहिलेले आढळते. त्या कथेप्रमाणे दया बहादूराने मुख्य घाट रोखून धरला, आणि मराठे दुसऱ्याच घाटाने वर आले. ती वाट दाखवण्यात कंपेलचे चौधरी नंदलाल मंडलोई यांच्यासारख्या स्थानिक जमीनदारांचा हात होता. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागद प्रसिद्ध झाले, आणि दोघेही भाऊ अमझेऱ्यासच पडले हे स्पष्ट झाले. तिरल्याची तारीख त्यामुळे मागे पडली. तरी त्या कथेचा गाभा आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. तीन वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या गावांत, लोकांनी एकच गोष्ट सांगितली : घाट अडवून भागत नाही, कारण डोंगरात दुसरी वाट असतेच आणि ती जाणणारा कोणीतरी असतोच. मांडवगड ते अमझेरा हा प्रदेश पायी फिरणाऱ्याला या म्हणण्याची खात्री पटते. कड्याच्या प्रत्येक वळणाआड एखादी घळ असते, आणि प्रत्येक घळीतून गुरांनी किंवा माणसांनी पाडलेली एखादी पायवाट वर येते.

ही वाट जाणणारा ‘कोणीतरी’ कोण? आपल्या बखरींत आणि पोवाड्यांत त्याला नाव नसते. तो बहुधा भिल्ल किंवा भिलाला असे. विंध्याच्या या पट्ट्यातील घाट शतकानुशतके त्यांच्या ताब्यात होते. त्यांचे नाईक आणि भुमिये जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून वाटेचा हक्क घेत, आणि तो मिळाला की वाटसरूच्या सुरक्षिततेची हमी देत. दिल्लीचा अंमल असो वा पुण्याचा, घाट चालू ठेवायचा तर त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागे. सर जॉन माल्कम यांच्या १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तांतात जामनियाच्या नादिरसिंग भिलाल्याची हकीकत येते. त्याचा या घाटांतला दरारा मोठ्या सरदारांनाही मोजावा लागत असे. इंग्रजांनी १८१८ नंतर अशा प्रमुखांशी करार करून घाटांच्या बंदोबस्ताची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली, ती काही उदारपणाने नव्हे. दुसऱ्या कोणाला तो बंदोबस्त जमणारा नव्हता. मराठ्यांच्या माळवा-विजयाचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्यात या अनामिक वाटाड्यांना एक ओळसुद्धा मिळू नये, हे आमच्या दृष्टीने न्यायाचे नाही.

अमझेऱ्यानंतर चित्र पालटले. माळव्याच्या उत्पन्नाची १७३२ मध्ये शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात वाटणी झाली. स्वारीला येणारे लोक ठाणेदार झाले आणि ठाणेदार हळूहळू घरदार करून राहिले. धारला पवारांची एक शाखा. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंची थोरली आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन दरबार, रस्त्याची एक बाजू एकाची तर दुसरी बाजू दुसऱ्याची, असा तो अपूर्व संसार १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत चालला. पुण्याच्या राजकारणाचे धागे या घाटांतूनच वर येत. राघोबादादांच्या धामधुमीच्या दिवसांत आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात आश्रय मिळाला, आणि दुसरा बाजीराव १७७५ च्या जानेवारीत त्याच किल्ल्यात जन्मला.

सीमोल्लंघन करून आलेल्या समाजाने पुढे शरद कसा साजरा केला, हे पाहायचे तर देवासची टेकडी चढावी. ही टेकडी तीनेकशे फुटांहून उंच नसेल, पण सपाट माळव्यात ती दुरूनच नजरेत भरते. वर दोन देवी आहेत. तुळजाभवानी ही मोठी माता आणि चामुंडा ही धाकटी. त्या दोघी बहिणी, असे लोक मानतात. दोन पात्यांच्या गावाला दोन बहिणींचे दैवत शोभते खरे. तुळजाभवानी हे नाव मराठी माणसाला कोठून कोठे घेऊन जाते, ते सांगायला नको. शारदीय नवरात्रात पहाटेपासून येथे माणसांची रीघ लागते. कित्येक लोक अनवाणी चढतात. हल्ली रोपवेची सोय झाली आहे, तरी पायऱ्यांची गर्दी हटलेली नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून येथे राहिले. पुढे १९५३ मध्ये त्यांनी देवासच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला याच देवीच्या टेकडीचे नाव दिले. कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारी अवस्थेत देवासला आले आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत येथेच राहिले. त्यांचे घर टेकडीच्या पायथ्याशी आहे. माळव्याच्या लोकगीतांतून त्यांनी जे उचलले त्यात ऋतूंचा वाटा मोठा. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’ आणि ‘गीतवसंत’ ही त्यांच्या कार्यक्रमांची नावेच ते सांगतात. ज्या समाजाचे पूर्वज ऋतू पाहून घोड्यावर स्वार झाले, त्याच समाजाच्या गावात हा गायक ऋतू ऐकत टेकडीखाली स्थिर झाला. दोनशे वर्षांतला हा प्रवास आम्हांस अमझेऱ्याच्या विजयाइतकाच मोलाचा वाटतो.

घाटावरील लष्करी हालचालींचा शेवटचा मोठा अध्याय १८५७ चा. धारच्या अल्पवयीन राजाच्या नोकरीतील भाडोत्री शिपायांनी किल्ला ताब्यात घेतला. महूच्या इंग्रजी फौजेला पावसाळाभर हालता आले नाही, कारण मातीने तोफा अडवल्या होत्या. ऑक्टोबरात जमीन वाळली आणि फौज निघाली. आठवडाभराच्या माऱ्यानंतर तटाला खिंडार पडले. आत शिरून पाहतात तो किल्ला रिकामा. आतले शिपाई रात्रीतून निसटले होते. संस्थान खालसा झाले आणि १८६० मध्ये बेरासिया परगणा वगळून परत मिळाले. मुंबई-आग्रा सडक मानपूरहून गुजरीकडे उतरली, चाकांची वर्दळ एका घाटात गोळा झाली आणि बाकीच्या वाटा ओस पडत गेल्या. मांडवगडावर तर रान माजलेलेच होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कॅप्टन बार्न्स यांच्या देखरेखीखाली आणि धार दरबारच्या साहाय्याने इमारतींभोवतीचे जंगल साफ होऊ लागले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन येथे येऊन गेले. गुलाम यझदानी यांचा मांडूवरील ग्रंथ १९२९ मध्ये निघाला. केवळ पाहण्यासाठी डोंगर चढणारा माणूस या वाटांवर प्रथम आला तो या सुमारास.

परंतु निःशस्त्र चालणाऱ्यांची एक परंपरा या साऱ्यांहून जुनी आहे. नर्मदेची परिक्रमा करणारे चातुर्मासात एका जागी थांबतात आणि प्रबोधिनी एकादशीनंतर मार्गस्थ होतात. म्हणजे फौजेचे आणि परकम्मावासीयांचे पंचांग एकच. फौज नदी ओलांडण्यासाठी पाणी ओसरण्याची वाट पाही. परिक्रमेत मात्र नदी ओलांडायचीच नसते. मांडवगडावरील रेवाकुंड नर्मदेचेच रूप मानले जाते. म्हणून उत्तर तटावरून चालणारे कित्येक परिक्रमावासी निमाड सोडून विंध्याचा कडा चढतात, कुंडाचे दर्शन घेतात आणि पुन्हा खाली उतरतात. मराठी वाचकाला ही परिक्रमा गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे आणि अलीकडे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’मुळे परिचित आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक मंडळी परिक्रमेला जातात. त्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते की, रेवाकुंडाची चढण चढताना आपण ज्या डोंगराच्या खांद्यावरून जात आहोत, त्याच डोंगराजवळून चिमाजी अप्पांची घोडी वर गेली होती?

शरदात या बाजूला चालायला निघणाऱ्याने काय पाहावे, तेही सांगतो. नालछ्याकडून गडावर यावे आणि काकडा खोहच्या काठाशी थांबावे. पावसाचे पाणी आश्विनाच्या आरंभी अजून कड्यावरून पडत असते. आत गोरखचिंचेची अवाढव्य झाडे दिसतील. मांडूत त्यांना खुरासानी इमली म्हणतात. मूळचे हे झाड आफ्रिकेचे. रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या घेऊन भिल्ल स्त्रिया बसलेल्या असतात. सोनगड आणि निळकंठ एका दिवसात होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, हवा धुतलेली असताना, रूपमतीच्या महालावरून दक्षिणेकडे पाहावे. आकाश निरभ्र असेल तर निमाडच्या हिरव्या-पिवळ्या पटावर नर्मदेची रेघ दिसते. तारापूर दरवाजापर्यंत जाऊन यावे. त्यापुढे उतरायचे तर स्थानिक वाटाड्या हवाच. तो मिळाला की त्याला त्याच्या पाड्याचे आणि वाटांचे नाव विचारावे, आणि ते लिहून ठेवावे.

कारण या वाटांचे गणित आता बदलले आहे. सरदार सरोवराचा जलाशय सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. धार जिल्ह्यातील चिखल्दा आणि निसरपूर यांसारखी जुनी गावे त्यात बुडाली, आणि परिक्रमेची जुनी काठवाटही जागोजागी पाण्याखाली गेली. पूर्वी शरदात नर्मदेला उतार मिळत असे. आता पावसाळ्याअखेर जलाशय तुडुंब झाला की या पट्ट्यात नदी शरदातच सर्वांत खोल असते. जो ऋतू शतकानुशतके वाट उघडत होता, तोच तेथे वाट बंद करू लागला आहे. ज्यांची घरे गेली त्यांच्या दुःखापुढे वाटेचे दुःख लहान आहे, हे आम्ही जाणतो. पण घरे जेथे होती त्या जागेची खूण उरते ती बहुधा तिच्याकडे जाणाऱ्या वाटेच्या आठवणीतच.

आणखी एक रहदारी अजून शरदातच सुरू होते. दिवाळी झाली की धार जिल्ह्यातील डोंगरपाड्यांवरून भिल्ल कुटुंबे पोराबाळांसह मजुरीला निघतात. कोणी माळव्याच्या शेतांवर, कोणी गुजरातेत. डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेतलेली ही माणसे सकाळच्या धुक्यात घाटाच्या रस्त्यावर बस वा जीपची वाट पाहत उभी असतात. एकेकाळी ज्यांच्या परवानगीवाचून बादशाही फौजेला घाट चढणे अवघड होते, त्यांचे हे वंशज. त्यांचे सीमोल्लंघन सोने लुटण्याचे नाही, रोजीचे आहे.

धार आणि देवास येथील मराठी घराण्यांत जुने कागद, सनदा आणि कुळकथा पुष्कळ आहेत, आणि त्या जपल्या जातात ही आनंदाची गोष्ट आहे. घाटांची, घळींची आणि पाड्यांची नावे मात्र कागदांवर नाहीत. ती येथील वृद्धांच्या तोंडी आहेत आणि माणसांबरोबर जातील. अमझेऱ्याची तारीख पेशवे दप्तराने निश्चित केली. चिमाजी अप्पा नेमक्या कोणकोणत्या वळणांनी वर आले आणि त्यांच्या पुढे चालणारा माणूस कोण होता, याचा माग काढायचा तर आपल्याला शरदात पायीच निघावे लागेल, आणि चालताना बरोबरच्या वाटाड्याला पुढे ठेवावे लागेल.